मच्छे

माझं काम गाठीचं.
वडगावात मागावर धागा तुटला की
दोन टोकं चिमटीत धरायची, थुंकी लावायची,
आणि अशी गाठ मारायची
की पदरावर हात फिरवणारीला कळू नये
इथं काही तुटलं होतं.

त्यामुळं गल्लीतल्या डॉक्टरनं बॅटरी मारून
‘डोळ्यात गाठ आहे’ म्हटलं तेव्हा
मी विचारलं, कुणी मारलीय?
तो हसला नाही.
चिठ्ठीवर मोठ्या दवाखान्याचं नाव लिहिलं.
पैसे घेतले नाहीत, तिथंच मी घाबरले.

बुबुळाशेजारी, पांढऱ्यावर, तपकिरी ठिपका.
आठ दिवस घरात त्या रोगाचं नाव कुणी घेतलं नाही.
सासरे म्हणाले, ‘ते.’
जाऊबाई म्हणाल्या, ‘तसलं काही नसेल.’
भरमू बोललाच नाही, खरं रात्री उठून
मोबाईलच्या उजेडात
माझ्या मिटल्या पापण्या बघत बसला.

यंत्राच्या पट्टीवर हनुवटी टेकवली.
डॉक्टरीण बागलकोटकडची, माझ्या भाचीएवढी.
वर. खाली. नाकाकडं बघा.
उजेडाची फट डोळ्यावरून सरकली,
ताण्यातून धोटा जावा तशी.
मग खुर्ची मागं ढकलून म्हणाली,
‘एनिल्ला री. मच्चे. बरी मच्चे.’

मी म्हटलं, मच्छेला माझी बहीण दिलीय.

नर्स फिस्सकन हसली.
मग तिनंच सांगितलं,
मच्चे म्हणजे तीळ, अक्का.

डोळ्याला पण तीळ असतोय?
असतोय. लहानपणचा.
आत पाण्याचे बारके बुडबुडे दिसतात, ते चांगलं.
जुना फोटो असला तर आणा.

लग्नाच्या एकशेचाळीस फोटोंत
मी खालीच बघतेय.

शेवटी ट्रंकेत दहावीचं हॉल तिकीट सापडलं.
त्यात सरळ बघतेय, रागानं,
आणि डाव्या डोळ्यात टाचणीच्या टोकाएवढा डाग.
खडेबाजारचा फोटोवाला म्हणाला होता,
निगेटिव्हवर धूळ बसलीय, पुसून देतो, दोन रुपये जास्त.
दोन रुपये नव्हते.

दर सहा महिन्यांनी मोजायला जायचं.
आत्ता कापायचं काही नाही.
बहिणीला फोन केला, तुझं गाव माझ्या डोळ्यात निघालं.
ती आधीच रडत होती,
तिला कुणीतरी अर्धंच सांगितलं होतं.

आज मागावर धागा तुटला.
गाठ मारली.
मग उगाच बोट फिरवून बघितलं.
लागतेय थोडी.