निम्मा दिसतो

वखारभागात, हळदीच्या गोदामाच्या माळ्यावर
रविवारी सौदे बंद असतात तेव्हा
आम्ही लढाई मांडतो.
पोत्यांच्या थप्पीवर दोन जुनी दारं, वर हिरवं कापड,
थर्माकोलची टेकडी,
भांडी घासायच्या काथ्याची झाडी.
पेरापेक्षा लहान माणसं. शीतल उपाध्येनं
त्यांना एकेका केसाच्या ब्रशनं मिशा काढल्यात.
फौज कुणाची का असेना, गणवेश कसला का असेना,
दोन तासांत सगळे पिवळे.

नदी निळ्या ऑइलपेंटची आहे.
नियम चौदा : नदी अर्ध्या वेगाने ओलांडता येते.
जिन्याच्या नवव्या पायरीशी पुराची रेघ आहे,
ती ओलांडूनच आम्ही वर येतो.
चौदावर आजवर कुणी वाद घातला नाही.

वाद झाला बावीसवर.
झाडीमागे इर्शादचा शेवटचा घोडेस्वार, समोर शीतलची तोफ,
आणि वहीत कुबेरचं अक्षर :
झाडीमागचा शिपाई तोफेला दिसत नाही घोडेस्वार असेल तर निम्मा दिसतो
मध्ये ना स्वल्पविराम, ना टिंब.
चहाचा एक डाग आहे,
त्याला चिन्ह म्हणावं असं शीतलचं मत.

"निम्मा दिसला म्हणजे दिसलाच की.
खिडकीतल्या माणसाला पाय नसतात का?"
"निम्मा म्हणजे निम्मा मार. सहा पडले, तर तीन."
इर्शाद मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावतो,
तारेखालचा दोरा केसभर सरकला तरी त्याला ऐकू येतं.
असा माणूस निम्म्यावर तडजोड करत नाही.

जंगमकाका भूमापनातून निवृत्त झालेले.
उभी हयात दोन भावांच्या मधला बांध मोजण्यात गेली.
ते म्हणाले, "कागद राहू दे, जाग्यावर बघू."
चष्मा काढला, गाल कापडाला टेकवला,
तोफेच्या तोंडामागे एक डोळा मिटून
बराच वेळ पडून राहिले.
आम्हाला वाटलं डुलकी लागली.
"घोड्याचे कान दिसतात," ते म्हणाले.
"स्वार दिसत नाही. कान कुणाचे धरायचे?"

घोड्याबद्दल वही गप्प.

शेवटी कुबेरला फोन लावला.
तो आता चाकणला, रात्रपाळी करून झोपलेला.
वाक्य वाचून दाखवलं. पुन्हा वाचायला लावलं.
"चांगलं लिहिलंय," म्हणाला, "कुणी लिहिलंय?"
तूच.
"मग तेव्हा मला माहीत असणार."
थोड्या वेळानं : "नदी अजून निळीच आहे?"
आणि मग जरा जागा होऊन,
"आधी सांगा, कोण हरतंय?"
इर्शादनं पटकन फोनवर हात ठेवला.

लढाई जिंकत असताना
स्वल्पविराम शोधत बसलेला माणूस
मी तरी पाहिला नाही.

मग ठरलं : आज फासा सांगेल, वाद पुढच्या रविवारी.
सम आला तर शीतलचा अर्थ, विषम आला तर इर्शादचा.
फासा गेला तो टेकडीला टेकून तिरका उभा राहिला,
तीन आणि चार दोघंही आभाळाकडे.
सगळे हसलो, शीतल सोडून.
तिरक्या फाशाचा नियम सहावा, आणि तो स्वच्छ आहे :
पुन्हा टाका.

दोन.

स्वार आडवा केला. इर्शादनं तो उचलून
फुंकर मारून हळद उडवली, डबीत ठेवला.
मी वहीत समासात तारीख घातली,
"आजपुरते" असं लिहिलं
आणि पेन्सिलनं, खोडता येईल असा,
एक स्वल्पविराम टाकला.
कुठं टाकला ते सांगत नाही.
पुढच्या रविवारी त्यावरच भांडायचं आहे.

परतताना आयर्विन पुलावर अंधारात
कठड्याआडून कुणीतरी चालत येत होतं,
छातीपासून वर तेवढंच.
मी दिसला असं धरलं, हात केला.
भलताच कुणी निघाला.
तरी त्यानंही हात केला.