आजाऱ्याचे टमाटे

सूप म्हटलं की मला पाखडायचंच माहीत.
नंदुरबारात तीस वर्षं मिरची कांडतो,
देठ खुडलेली सुपात घ्यायची,
बी एकीकडे, फोलपट वाऱ्यावर,
शिंकत शिंकत दिवस मावळवायचा.
म्हणून डॉक्टर वळवी म्हणाले,
"दीड महिना फक्त सूप, तिखटाचा वासही नको,"
तेव्हा खाटेवरून मथुरा माझ्याकडे बघून हसली
आणि टाके दुखले म्हणून अर्ध्यातच थांबली.

सुरतेहून जागृतीने फोनवर सांगितलं:
दुधी घ्या, एक गाजर, दोन टमाटे,
मूठभर मुगाची डाळ, कुकरच्या दोन शिट्ट्या,
मिक्सरमधून फिरवा, गाळा, झालं.
"झालं" हा शब्द पोरींच्या तोंडी किती हलका असतो.

बाजारात हमीदाआपाने विचारलं,
"शेवभाजीसाठी का, भाऊ?"
म्हटलं, नाही. आजाऱ्यासाठी.
तिने ढिगातून एकेक दाबून बघत
आजाऱ्याचे टमाटे वेगळे काढले,
जसे काही ते निराळ्या झाडाला लागतात,
आणि पिशवीत एक गिलकं टाकलं, पैसे न घेता.

पहिला चमचा.
मथुराच्या डोळ्यांतून पाणी.
मी म्हटलं, एवढं आवडलं?
तिने हातानेच तोंडाला वारा घातला.

मिक्सरच्या पात्याखाली, झाकणाच्या रबरात
कधीची कोण जाणे,
कदाचित मागच्या दिवाळीची मिरची बसलेली.
चिंचेने घासलं, राखेने घासलं,
उकळत्या पाण्यात भांडं रात्रभर ठेवलं.
दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पुन्हा वारा.

मग कळलं, भांडं नव्हे. मी.
दुधी कापणारा मी, डाळ धुणारा मी,
नखांच्या कडांना, अंगठ्याच्या भेगांत
तीस वर्षांचं लाल.
जागृती लहानपणी रडायची
तेव्हा तिचे डोळे मी कधी पुसले नाहीत.
"आईकडे जा," एवढंच म्हणायचो.
तिला वाटायचं, बाप कठोर आहे.

त्या रात्री परातीत ताक घेऊन बसलो,
मनगटापर्यंत हात बुडवून,
म्हशीचं ताक, शेजारच्या बारीणबाईकडून आणलेलं.
मग बेसन. मग खोबरेल. मग लिंबाच्या साली.
मथुरा अंधारात जागीच होती, काही बोलली नाही.
सकाळी यंत्राच्या दाराला पाटी लावली,
खडूने: कांडप आठ दिवस बंद.
गिऱ्हाईक म्हणालं, ऐन मसाल्याच्या दिवसात?
म्हटलं, हो, ऐन.

यावेळी मिक्सर नाही.
बारीणबाईची रवी मागून आणली,
ती म्हणाली, लोणी काढायचंय का दुध्यातून?
गिलक्याची साल काढली, डांगराची फोड टाकली,
कुकरची दुसरी शिट्टी थोडी लांबली,
घाबरून गॅस बंद केला.
झाकण उघडलं तर आत पिवळं.
असं पिवळं मी घरात आजवर बघितलं नव्हतं;
आमच्याकडे सगळ्याच रंगांवर तर्री येते.
रवीने घुसळलं, मऊ धोतराच्या फडक्यातून गाळलं,
पातेल्यात खाली गेलं ते पातळ, गोडसर,
फडक्यात उरला तो चोथा
मीच उभ्या उभ्या खाल्ला, डाव्या हाताने.
गाजराला स्वतःची चव असते,
हे साठाव्या वर्षी.

मथुराने वाटी तोंडाला लावली.
मी तिच्या डोळ्यांकडे बघत होतो,
ती वाटीत.
दारावर कुणीतरी पाटी वाचून परत गेलं,
सायकलची घंटी वाजवत.
एक घोट. दुसरा.
तिसऱ्याला थांबली, ओठ पुसले,
"मीठ कमी शे."

दहा दिवसांतली तिची पहिली तक्रार.
मी मिठाच्या बरणीत बोटं घालणारच होतो.
हात मागे घेतला.
चमचा कुठे ठेवलाय, म्हणून विचारलं.
"आखो दे," ती म्हणाली, "मीठ घालीसन."