सतरावा खुंट

टे नदीच्या पुलाला लागून
जुन्या, कोसळलेल्या पुलाचे खुंट अजून पाण्याबाहेर आहेत.
आगगाडीतून डंडीला येताना
माणसं ते बघतात आणि जराशी गप्प होतात.
फर्गस गेडीस म्हणाला, "अरे, या तर उड्या मारायच्या पायऱ्या!"
आम्ही तेरा वर्षांचे होतो.

त्याची आई घड्याळांच्या कारखान्यात,
जिथे आता कॉम्प्युटर जोडत:
काळा, वहीएवढा, रबरी कळांचा.
"यातला एखादा डाख माझ्या हातचा असेल," ती म्हणे,
आणि आम्ही तो उलटा करून बघत असू,
जणू तिची सही सापडेल.

माझी आई मिरजेच्या मिशन इस्पितळात शिकलेली नर्स.
रात्रपाळी करून दिवसा झोपायची,
म्हणून टेपरेकॉर्डरची ती किंकाळी
पाच मिनिटं उशीखाली.
पडद्याच्या कडेला निळे-पिवळे पट्टे थरथरत
आणि आम्ही श्वास धरून,
चौथ्या मिनिटाला लटकला तर सगळं पुन्हा.

माणूस मी काढला. आलेखाच्या वहीत,
सोळा ठिपके उंच, पिवळी टोपी,
पाय म्हणजे कात्री: एकदा उघडी, एकदा मिटलेली.
नाव ठेवलं बंडोपंत.
फर्गसच्या जिभेवर ते बसेना, तो म्हणे बंडी.

बंडोपंत फक्त उजवीकडे जायचे.
मागचं गाव डाव्या कडेला सरकत पुसलं जायचं:
लॉकीच्या गिरणीची चिमणी, चिप्सचं दुकान,
आमचा जिना, जिन्यातली मांजर.
ठेवणार कुठे?
अठ्ठेचाळीस के, त्यात गाव ते किती मावणार!

आणि रंगांचं ते लफडं.
आठ ठिपक्यांच्या चौकोनात शाई एक, कागद एक,
तिसऱ्याला मज्जाव.
झाडाजवळून गेले की बंडोपंत हिरवे,
विटांपाशी लाल.
फर्गस चिडायचा. मला नवल वाटत नसे.
शाळेच्या फाटकात माझंही बोलणं डंडीचं व्हायचं,
उंबऱ्यात पाय पडला की मिरजेचं.

खुंट वीस. सतराव्यावर आम्ही अडकलो.
उडी एका चौकोनाने तोकडी पडायची,
बंडोपंत पाण्यात,
तीन जीव, तीन बुडबुडे,
परत गिरणीपासून.
आकडे फर्गसच्या डोक्यात. "सोमवारी बघतो," म्हणाला.
सोमवारी त्याच्या आईच्या हातात चिठ्ठी पडली.
महिन्याभरात ते कॅनडाला, मामाकडे.
कॅसेट माझ्याकडे राहिली. लेबलवर त्याचं अक्षर:
बंडी. पूर्ण नाही.

परवा रूथने, माझ्या लेकीने, ती लॅपटॉपमध्ये उतरवली.
आकड्यांच्या रांगांवरून बोट फिरवत म्हणाली,
"बाबा, हा एकच. सहाचा पाच करा."
चाळीस वर्षं, आणि सहाचा पाच.
केला.

अठरा. एकोणीस. वीस.
मग एक पडदा, जो मी कधी पाहिला नव्हता.
पलीकडचा, वर्मिटचा काठ. बसथांबा.
थांब्याखाली लाल केसांचा एक माणूस
डावीकडे तोंड करून उभा.
आमच्या खेळात डावीकडे कुणी बघतच नसे.
त्याच्यासाठी वेगळं चित्र काढावं लागलं असणार,
एकेक ठिपका उलटा मोजून.
कधी काढलं, कुठल्या रविवारी,
त्याने सांगितलं नाही.

बंडोपंत जवळ गेले.
दोघे एका चौकोनात आले आणि एका रंगाचे झाले,
कुणी कुणाचा घेतला, कळेना.
मग प्रोग्राम अडकला,
घुंई करत एकच सूर.

शेजारच्या खोलीतून आई, वय चौऱ्याऐंशी:
"आवाज कमी कर रे,
रात्री ड्यूटी आहे मला."