एका वेळी पाव फेरा

उजवीकडची जागा घे, खांबाजवळची.
तिथे भिंत हाताशी येते,
आणि पहिले चार महिने भिंतीसारखा शेजारी नाही.
चटई कुठलीही चालेल. माझी ही सतरंजी
कंपनीच्या पतपेढीनं दिवाळीला दिलेली;
घसरायला लागली तेव्हा चारी कोपऱ्यांना
सायकलच्या ट्यूबचे तुकडे शिवले.

खाऊन आलायस?
मग आज नुसता बस, बघ.
पोहे खाऊन पुढे वाकणाऱ्याला
पोहेच सांगतात काय ते.

मी रबाळ्याला एकतीस वर्षं ऑपरेटर होतो.
वाफेची लाइन सुरू करताना
व्हॉल्व्ह पाव फेराच उघडायचा. थांबायचं.
पाइप गरम होऊ द्यायचा, आतलं पाणी निथळू द्यायचं,
मग पुढचा पाव.
घाई केली की पाइप आतून घण घातल्यासारखा ठोकतो.
हे मला झोपेतही येत होतं.
आणि इथे, कोपरखैरण्याच्या या गच्चीवर,
दुसऱ्याच आठवड्यात
वासुदेवन डोक्यावर उभे राहिले
म्हणून मीही राहिलो.

तीन आठवडे मान एकाच दिशेला.
भाजीवाली डावीकडे बसली असेल
तर सबंध वळून विचारायचो, मेथी कशी दिली.
मढवी बाई रागावल्या नाहीत.
घणसोली गावातल्या त्या, सहा वाजता स्कूटरवरून येतात.
एवढंच म्हणाल्या,
"दादा, त्यांची मान त्यांची. तुमची तुमाला पुरवायचीय."

गोळ्या चालू असतील तर बाईंना आधी सांग.
लपवण्यासारखं त्यात काही नाही,
इथे निम्म्या लोकांच्या खिशात डबी आहे.
मांडी बसत नसेल तर उशी घे, दोन घे.
गुडघा म्हणजे बिजागर;
आडवं पिळलं की दार लोंबतं.
हात पायाच्या बोटांना पोचत नाही?
जुना पंचा तळव्याला अडकव आणि टोकं धर.
ताण पसरत येतो, सांगून येतो.
दुखणं एका जागी टोचतं.
टोचलं की परत फिर; काटा लाल पट्ट्यात गेल्यावर
आम्ही कुणाला विचारत बसत नव्हतो.
आणि शेजाऱ्याकडे बघता बघता श्वास रोखला गेला
तर दोन्ही सोड,
आसन पण, शेजारी पण.

दिवस बुडतील. लग्नं असतात, पाहुणे असतात,
कधी नुसताच कंटाळा.
दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरून काढू नकोस,
हा ओव्हरटाइम नाही.
कुकरच्या तीन शिट्ट्या होईतो
ओट्याला धरून पाठ लांब केलीस, तरी हजेरी लागली.

सात महिन्यांनी एका सकाळी
मोजा चढवता चढवता लक्षात आलं,
मी उभा आहे. एका पायावर. काही न धरता.
इंदुमतीला हाक मारली.
तिनं चहा गाळता गाळता पाहिलं, म्हणाली,
"आता दुसरा चढवून दाखवा."
दुसऱ्याला कपाट धरावं लागलं.

शेवटचं शवासन टाकून पळू नकोस.
नवीन माणसं पळतात; घड्याळ बघतात, चपला शोधतात.
वर्षातून एकदा आमचा प्लांट शटडाउनला जायचा.
कॉम्प्रेसर थांबला की पहिली रात्र
शांततेनं कान दुखायचे.
निवृत्त झालो, तरी तो आत चालूच होता,
मला पत्ता नव्हता.
इथेच, टाकीच्या सावलीत,
एका मंगळवारी तो बंद पडला.
खालच्या मजल्यावर कुणीतरी कणीक मळत होतं,
परात फरशीवर जराशी फिरत होती.
खाडीकडून पक्षी.
बाईंनी कूस बदलायला सांगितलं, ते मी ऐकलंच नाही.
दीड मिनिट असेल फार तर.
मग पुन्हा सुरू झाला.
तेवढ्यासाठी येतो मी, खरं सांगायचं तर.
रोज बंद पडतो असं नाही.

चल, आल्या बाई. पाय जुळव.
इतके नाही.
गुडघे जरा सैल.
अजून जरा.