ताण

मला गास्पारे म्हणतात. पालेर्मोच्या क्लबात
तीन नंबर कोर्टामागे, कण्हेरीच्या आडोशाला माझा तंबू.
मी रॅकेटी विणतो.

पोरींची नावं माझ्या ध्यानात राहत नाहीत, ताण राहतो.
चोवीस किलो, ती उंच, डावखुरी.
एकवीस, जिची आई प्रत्येक सर्व्हिसला डोळे मिटते.
सोमवारी बत्तीस पिशव्या येतात,
रविवारी दोन.

नेझाचे बावीस.
पात्रता फेरीच्या शेवटच्या सामन्यात हरली, टायब्रेकमध्ये,
तरी घरी गेली नाही. रोज सकाळी
कागदावर सही करते आणि बसून राहते.
कुणी माघार घेतली, तर तिची जागा हिला.
बुटांचे बंद बांधलेले. हातात पीच.
कुणाचं वाईट व्हावं असं काही तिच्या मनात नसतं,
पण कुणी लंगडत गेलं
की तिचं चावणं थांबतं.

मंगळवारी बोग्लार्का आली. मनगटाला पट्टी.
"माझी विणू नको," म्हणाली, "तशीच दे."
नुसता सांगाडा दिला मी,
आणि तिने तो डोळ्यांसमोर धरून पलीकडे पाहिलं,
खिडकीतून पाहावं तसं.
पैसे मात्र पूर्ण दिले.

आता अख्ख्या क्लबात हे आम्हा दोघांनाच ठाऊक.
नेझा दहा पावलांवर. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.
मारली नाही.
तिची रॅकेट ढिगाच्या तळातून काढून
मशीनवर चढवली.

कर्ण्यावर नाव पुकारलं, चुकीचंच, तरी ती उठली.
ओठांवर आलेलं हसू गिळलं,
पीचची कोय मुठीत तशीच,
आणि आधी धावली ती बोग्लार्काच्या गाडीमागे.
काय बोलल्या, माहीत नाही.
गाडी धुळीत थांबली होती, एवढं दिसलं.

दुपारभर सिरोको. लाल माती दाताखाली कचकचत होती.
सामने मी पाहत नाही, ऐकतो.
पहिला तासभर तिचा फटका
ओली सतरंजी बदडल्यासारखा.
मग कधीतरी तो मोकळा झाला.
मी हातातलं काम थांबवलं.

संध्याकाळी रॅकेट परत आली, तात तुटलेली,
अगदी मधोमध.
चेंडू जिथे नीट बसतो तिथेच ती तुटते.
"साडेबावीस," नेझा म्हणाली. गुडघ्यावर माती वाळलेली.
पुढच्या फेरीसाठी, की पुढच्या गावासाठी,
मी विचारलं नाही.
कात्री शोधत होतो. कुणीतरी नेलेली.