फाटकापाशी दिलेलं उत्तर

रायबंदरची फेरी चोडणला लागली,
स्कूटर चढावर घेतली
की माडेलच्या पहिल्या वळणावरच गावाला कळतं,
वीज खात्याची बाई आली.
मला हॉर्न लागत नाही.

फाटकाच्या आत जोविटा, दुर्वांग आणि दुर्वांगचा शेंबडा भाऊ,
मध्ये साखळी ताणून उभा ब्रूनो,
बाहेर मी, हातात बिलाचं यंत्र.
"मीटरबाय, तो तुझेरूच कित्याक भोंकता?"
दुर्वांग विचारतो, जणू चूक माझीच.

असेलही. ही माझी पँट बघ.
सकाळपासून सतरा फाटकं झाली,
सतरा कुत्र्यांनी हुंगून हिच्यावर काही ना काही ठेवलं.
तुला दिसते नुसती निळी पँट.
त्याच्या नाकाला विचार:
आख्खं माडेल न विचारता त्याच्या दारात आलंय.
तू ओरडला नसतास?

आणि त्याचा हिशेब ऐक.
मी येते, तो भुंकतो, मी आकडा टिपून जाते.
मला वाटतं, काम झालं म्हणून गेले.
त्याला वाटतं, त्याने घालवली.
दर महिन्याला जिंकतो रे तो!
तू गणितात इतक्यांदा जिंकला असतास
तर सुट्टीतही पाढे म्हटले असतेस.

"पूण रातीं?" जोविटाचा प्रश्न. "रातीं तूं नासता.
म्हणतात, बांधावयल्यान देवचार वता."

देवचाराचं मला ठाऊक नाही,
त्याच्या घरी अजून मीटर बसलेला नाही.
पण खाजनाच्या बांधावरून उदमांजर जातं,
भरतीचं पाणी मानशीच्या फळ्यांवर धडकतं,
आपण झोपेत कूस बदलतो, तेवढ्यात त्याने सगळं ऐकलेलं असतं.
मग पलीकडच्या वाड्यावरून कोणी विचारतं, आहेस का?
हा सांगतो, आहे.
तिसरा उगाचच भुंकतो. त्याला काहीच माहीत नसतं.
बाई फळ्याकडे वळल्या की तुमच्या वर्गात होतं तसं.

पोदेराचा भोंगा ऐकून मान वर करतो
ते मी भुंकण्यात धरत नाही. ते उंड्यासाठी.
जाड आवाज, घाईघाईचा: तिथंच थांब.
आणि एक बारीक असतो.
एकदाच भुंकायचं, मग गप्प.
पुन्हा एकदा. पुन्हा गप्प.
एकटा असला की तसा भुंकतो,
मधे थांबतो,
कारण उत्तर ऐकायचं तर थांबावं लागतं.

इतका वेळ गप्प असलेल्या शेंबड्याने
बोट रस्त्यापलीकडे केलं. "आनी तो?"

तो लेयांव.
शिंपल्यांच्या खिडक्यांचं ते निळं घर.
माणसं पोर्तुगालचा पासपोर्ट काढून स्विंडनला गेली,
चौदा महिने झाले.
जोविटाची आई करटीत शीत घालते त्याला, वर बांगड्याचं डोकं.
मीटर ४४१७ वर थांबलाय.
मी दर महिन्याला यंत्रात भरते: दार बंद.

मला बघून तो उठला,
मागचा एक पाय जड,
आणि भुंकला. बारीक नव्हे.
जाड, घाईघाईने,
जणू आत पानं वाढली आहेत
आणि कोणी तरी नुकतंच मीठ मागितलंय.

"भितर कोणूच ना," दुर्वांग म्हणाला.
"मागीर तो कोणाक राखता?"

इथे माझं उत्तर संपलं.
यंत्राने शून्य युनिटांचा कागद बाहेर सोडला,
मी तो गजात खोचला
आणि दोन पावलं मागे आले.
एवढी गरज नव्हती. एक पुरलं असतं.

लेयांव थांबला.
शेपूट एकदा इकडे, एकदा तिकडे.
उंबऱ्यावर जाऊन बसला, तोंड रस्त्याकडे.

"जिखलो!" शेंबड्याने टाळी वाजवली.

स्कूटर सुरू केली तशी जोविटा फाटकावर चढली,
"फुडल्या म्हयन्यांत यो हां, मीटरबाय.
ना जाल्यार तो कोणाक धांवडायतलो?"