तळघर, उणे दोन

आमच्या पत्त्यात अजून तळं आहे.
'कमळतळ्याजवळ, मालाड पश्चिम.'
कुरियरवाला फोनवर विचारतो, तळं कुठंय?
मी म्हणते, तू उभा आहेस ना, तिथंच.

तेवीस मजले वर. खाली गाड्यांसाठी दोन, जमिनीत.
त्याच्याही खाली एक खड्डा, खड्ड्यात पंप.
रामसजीवन वहीत लिहितो:
दोन वाजता चालू. तीन पस्तीसला बंद. तीन पन्नासला चालू.
आजाऱ्याचा ताप लिहावा तसं.

जे पाणी न बोलावता येतं
ते आम्ही गटारात सोडतो,
आणि सकाळी सातला टँकर मागवतो.
दहा हजार लिटर. पावतीवर माझी सही.
मे महिन्यात तेही अर्धं;
तेव्हा बाराव्या मजल्यावरच्या सुलभा कर्णिक
बादली झाकून ठेवतात, दूध ठेवावं तशी.

मागच्या गावठाणात इस्टेला परेरा.
आमचा पाया खणला त्या पावसाळ्यानंतर
तिची विहीर दिवाळीलाच तळाला गेली.
तक्रार केली होती तिनं. उत्तर आलं,
विहिरीची नोंद आढळत नाही.

परवा संध्याकाळी ती फाटकाशी आली.
लाल लुगडं, बरोबर सात बायका, कळश्या,
आणि एक ताशा, एक क्लॅरिनेट.
नातीचं लग्न. उंबराचं पाणी न्यायचं होतं.
विहिरीवरूनच आणायचं असतं, ती म्हणाली,
आणि माझी विहीर तर तुमच्याकडे आहे.

रामसजीवननं रजिस्टर पुढे केलं.
कुणाकडे? तिनं काही लिहिलं नाही.
कामाचं स्वरूप: पाणी.

उतारावरून वाजंत्री खाली गेली,
झाकलेल्या गाड्यांमधून, उणे एक, उणे दोन.
कुणाच्या तरी गाडीचा भोंगा आपोआप वाजू लागला.
मी पंप बंद करायला सांगितलं.

चार वर्षांत पहिल्यांदा तिथं शांत झालं,
आणि भिंतीतून ते ऐकू आलं, बारीक,
कुणी अंधारात तांदूळ निवडत बसावं तसं.

इस्टेलानं कळशी बुडवली. वास घेतला.
तेलाचा तवंग पदरानं बाजूला केला.
पुन्हा वास घेतला. मग मान हलवली,
हो म्हणून की नाही म्हणून, मला कळलं नाही.

वहीत आहे:
सहा चाळीसला बंद. सात पाचला चालू.
कारण: लग्न.